सायकलला ट्रेलर लावून घाटात निघताय? तपासणी याच क्रमानं करा

बहुतेक जण काय करतात, आदल्या रात्री ट्रेलर भरून ठेवतात, सकाळी अंधारात सायकलला जोडतात, एकदा हलवून बघतात, "घट्ट आहे" म्हणतात आणि निघतात. ही पद्धतच उलटी आहे. भरलेला ट्रेलर हलवला तर तो घट्टच वाटणार, कारण तीस-पस्तीस किलोच्या वजनाखाली बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा), झिजलेली पिन, चीर गेलेलं वेल्डिंग सगळं दबून बसतं. ते कळतं थेट घाटात, दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर, मागून उसाचा ट्रॅक्टर येत असताना.

क्रम असा पाहिजे: आधी रिकामा ट्रेलर, मग जोड, मग सायकलचे ब्रेक, मग रिकामा जोडून एक चक्कर, मग सामान, मग सामानासकट परत जोड, आणि त्यानंतर घाट. म्हणजे जोड दोनदा तपासायचा, एकदा रिकामा आणि एकदा भरलेला. एवढं जरी पाळलं तरी निम्मा त्रास जातो.

आपल्याकडचे, म्हणजे मराठवाड्यातले घाट सह्याद्रीएवढे लांब नाहीत. धारूर, मांजरसुंबा, तुळजापूर, दौलताबाद ते खुलताबाद, चौका, अजिंठा, कन्नडचा औट्रम घाट. लांबी कमी म्हणून माणसं सहज घेतात, "पाच-सात किलोमीटर तर आहे". पण सायकलच्या ट्रेलरला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो, आणि तेवढ्या अंतरात सगळं वजन तुमच्या दोन ब्रेकवर येतं. ही गोष्ट पूर्ण वाचेपर्यंत डोक्यात ठेवा.

१. दोन दिवस आधी: वेळ आणि हत्यारं

निघायच्या दिवशी तपासणी करूच नका. काही मोडकं सापडलं तर सकाळी सहाला दुकान उघडं नसतं, मग माणूस "चालतंय की" म्हणून तसाच निघतो. दोन दिवस आधी, ऊन उतरल्यावर, निवांत दोन तास काढा.

लागतं एवढंच: ४, ५ आणि ६ मिमीची ॲलन की, १५ चा पाना (मागच्या एक्सलच्या नटाला बहुतेक हाच बसतो), गेज असलेला पंप, ग्रीस, जुनं फडकं, थोडा कापूस, खडू, वाटीभर डिझेल, नेलपॉलिशची बाटली आणि ताणकाटा (अडकवून वजन करायचा स्प्रिंगचा काटा). कापूस, खडू, नेलपॉलिश कशाला ते पुढं येतंय.

सोबत न्यायचं: ट्रेलरच्या चाकाची वेगळी ट्यूब (ती बहुतेक १६ नाहीतर २० इंची असते, घाटातल्या टपरीवर सायकलची मिळाली तरी ही मिळत नाही), पंक्चरचं सामान, केस उपटायचा बारीक चिमटा, चार-पाच जादा स्प्लिट पिना (भोकात घालून दोन पाय वाकवायच्या), ब्रेकची एक जादा तार, आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पाच-सहा लांब पट्ट्या. या पट्ट्या फेकू नका कधी, पुढं दोन ठिकाणी कामाला येतात.

२. रिकामा ट्रेलर उलटा करा

सामान सगळं काढा, चादर-कापड असेल तर तेही काढा, आणि ट्रेलर पालथा घाला.

चाक आधी. फिरवून सोडा आणि एका जागी बोट धरून रिम बघा, डावी-उजवीकडं लहरत असेल तर आऊट काढून (रिम सरळ करून) घ्या. मग चाक वरून धरून आडवं हलवा. टक-टक असं हाताला लागलं की बेअरिंगमध्ये प्ले आहे, कोन टाईट करायचा, छर्रे खराब असतील तर बदलायचे. काळ्या मातीतून चालवलेल्या ट्रेलरचे छर्रे लवकर जातात कारण माती एक्सलपाशी जाऊन बसते, वाळली की दगड होते आणि आतलं ग्रीस ओढून घेते. कापसाच्या रानातून आलेला असेल तर एक्सलभोवती कापूस, सुतळी, मल्चिंगचा कागद गुंडाळलेला असतो, तो ब्लेडनं कापून काढा.

बटन दाबून निघणारी चाकं असतील तर बटन न दाबता चाक बाहेरच्या बाजूला जोरात ओढा. निघायला नको. माणसं चाक घालतात, आत गेल्यासारखं वाटतं, पण आतली कडी बसलेलीच नसते. दोन्ही चाकं ओढून बघा, एक बघून दुसरं सोडू नका.

टायर. आपल्याकडं पंक्चरचं पहिलं कारण येडी बाभळ. रस्त्याच्या कडेला तोडून टाकलेल्या फांद्यांचे काटे महिनोन्‌महिने तसेच राहतात, आणि ट्रेलरचं चाक सायकलच्या चाकाच्या बाहेरून, नेमकं त्याच कडेनं चालतं. टायर काढा आणि आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटानं बघू नका, बोटाला लागेल तेव्हा रक्त निघेल आणि बारीक काटा तरीही राहील. कापूस जिथं अडकतो तिथं काटा असतो, चिमट्यानं बाहेरच्या बाजूनं ओढून काढा. पंक्चर काढून काटा टायरमध्येच ठेवला तर दहा किलोमीटरवर परत तेच, हे प्रत्येकाच्या बाबतीत एकदा तरी झालेलं असतं.

हवा टायरच्या कडेवर लिहिलेली असते तेवढीच, आणि उन्हाळ्यात थोडी कमी. सकाळी गारव्यात २५ अंशाला ५० पीएसआय भरली आणि दुपारी टायर उन्हात ५५ अंशाला गेलं तर तीच हवा ५६ च्या आसपास जाते. कमाल मर्यादेपर्यंत भरून मे महिन्याच्या दुपारी ट्रेलर उन्हात उभा करणं म्हणजे ट्यूब फोडून घेणं. दोन चाकांचा ट्रेलर असेल तर दोन्हीकडं सारखीच हवा पाहिजे, एक कमी असेल तर ट्रेलर त्या बाजूला ओढतो आणि उतारावर हे फार जाणवतं.

वेल्डिंग. आपल्याकडं बरेच ट्रेलर गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवलेले असतात, त्यात वाईट काही नाही, माझाही तसाच आहे. फक्त सांधे तपासत राहावं लागतं. सायकलला जोडायची दांडी जिथं ट्रेलरच्या फ्रेमला मिळते तो सांधा आणि एक्सलची पट्टी, या दोन जागा आधी बघा. फडक्यानं डिझेल लावा, पाच मिनिटं थांबा, कोरडं पुसून काढा आणि वरून खडू घासून पांढरं करा. थोड्या वेळानं बघा, चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि खडूवर काळपट रेघ उमटते.

> थांबा: रेघ दिसली तर ट्रेलर त्या ट्रिपला नेऊ नका. वरून नुसता वेल्डिंगचा टाका मारून भागत नाही, चीर पूर्ण घासून काढून मग भरावी लागते, नाहीतर शेजारून परत जाते. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर साध्या वेल्डिंगवाल्याकडं देऊच नका, त्याचं वेल्डिंग वेगळं असतं.

३. जोड: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

ट्रेलर सायकलला कुठं जोडायचा? मागच्या चाकाच्या एक्सलपाशी. कॅरिअरला नाही, सीटखालच्या दांड्याला नाही. कॅरिअरला हुक करून द्यायला दुकानदाराला सोपं जातं म्हणून तसे बरेच दिसतात, आणि सपाट रस्त्यावर भाजी, दूध, जार नेताना निभावतंही. पण उतारावर ब्रेक मारला की ट्रेलर पुढं ढकलतो, आणि तो धक्का वर कॅरिअरवर बसला तर मागचं चाक हलकं होतं, बाजूला सरकतं. एक्सलच्या उंचीवर तोच धक्का बराच सरळ जातो. शिवाय कॅरिअरचे ते दोन बारीक स्क्रू एवढं ओढायला केलेलेच नाहीत.

आता एक्सलवर बसवताना तीन चुका होतात.

पहिली, हिचची (ट्रेलर सायकलला जोडणाऱ्या सांध्याची) पट्टी फ्रेमच्या आत घालणं. ती फ्रेमच्या बाहेर, नटाच्या किंवा क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, खटक्यानं चाक काढायची सोय) टोपणाच्या आत यायला पाहिजे. आत घातली की चाक खाचेत नीट बसत नाही.

दुसरी, आटे कमी पडणं. पाच एमएमची पट्टी मध्ये आली म्हणजे नटाला पाच एमएम आटे कमी मिळाले. नट पूर्ण बसून बाहेर थोडे आटे दिसले पाहिजेत. क्विक रिलीज असेल तर टोपण किमान पाच पूर्ण फेरे बसलं पाहिजे आणि खटका बंद करताना तळहातावर वळ उठेल एवढा जोर लागला पाहिजे. आटे कमी पडत असतील तर लांब एक्सल किंवा लांब स्क्यूअर (क्विक रिलीजची सळई) टाका, दोनशे-तीनशे रुपयांसाठी मागचं चाक निसटायची जोखीम घेऊ नका. बऱ्याच नवीन सायकलींना थ्रू एक्सल (आरपार जाऊन फ्रेमच्या आट्यांत बसणारा) असतो, त्याला तेवढ्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा ट्रेलरवाला एक्सल लागतो, दुसरा कुठला जबरदस्तीनं फिरवला तर फ्रेमचे आटे जातात.

तिसरी, सांधा फक्त डावी-उजवीकडं वळणारा असणं. गावात बनवलेल्या हिचमध्ये एक उभी पिन असते, बास. त्यानं ट्रेलर वळतो, पण सायकल तिरकी झाली की ट्रेलरही तिरका होतो, आणि सायकल आडवी पडली तर ट्रेलर उलटा. सांधा तिन्ही दिशांना हलला पाहिजे: वळणं, वर-खाली, आणि पीळ. रॉड एंड (आत गोळी असलेला, सगळीकडं फिरणारा सांधा) टाकून घ्या, नाहीतर जाड रबरी होसचा तुकडा दोन्हीकडून बोल्ट मारून बसवतात तोही चालतो, फक्त रबर दर सीझनला वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला.

मग पिन. स्प्लिट पिनचे दोन्ही पाय वाकवलेले पाहिजेत. एक पाय वाकवून सोडून देतात, तो खड्ड्यांनी सरळ होतो. आणि एकदा काढलेली पिन परत वापरू नका, वाकवून-वाकवून ती मोडायला आलेली असते.

यानंतर सुरक्षा पट्टा. हा पट्टा किंवा दोर ट्रेलरच्या दांडीपासून निघून सायकलच्या फ्रेमला, मागच्या खालच्या नळीला बांधायचा. कॅरिअरला नाही, सीटला नाही. लांबी एवढीच ठेवायची की पूर्ण वळण घेता येईल पण दांडी सुटली तरी जमिनीला टेकणार नाही. मला या पट्ट्यानं एकदा वाचवलंय. धारूरवरून तेलगावकडं उतरताना पिन गेली होती, नेमकी कुठं गेली ते कळलंही नाही, एकदम मागून खडखड आली आणि सायकल डावीकडं ओढली गेली. दांडी पट्ट्यावर लटकत होती. मी चालण्याच्या वेगात होतो म्हणून थांबता आलं. तो पट्टा नसता तर तीस किलो सामान एकटंच वळणावरून खाली गेलं असतं, आणि खालून दोन मोटारसायकली वर येत होत्या. त्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात.

> तपासा: नट घट्ट केल्यावर नट आणि पट्टी दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. प्रत्येक थांब्यावर फक्त ती रेघ बघायची. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. पाना काढून दर वेळी तपासायची गरज राहत नाही, आणि म्हणूनच तपासणी खरंच होते.

४. ब्रेक: ट्रेलरचा नाही, तुमचा

एक हिशोब करून बघा. माणूस ७०, सायकल १५, ट्रेलर सामानासकट ३५, झाले १२० किलो. हे वजन १०० मीटर उंची उतरलं की जवळपास १ लाख १७ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी २८ अंशांनी तापवायला लागते तेवढी. हळू उतरताना वारा काही अडवत नाही, त्यामुळं यातली बहुतेक सगळी ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये नाहीतर डिस्कमध्ये जाते. रिम तापली की आतली ट्यूब फुटू शकते, डिस्क तापली की ब्रेक दाबूनही धरत नाही.

म्हणून: रबरं झिजून रेघेपर्यंत आली असतील तर बदला, "ही ट्रिप होऊन जाईल" म्हणू नका. डिस्कच्या पॅडवर १ मिमीपेक्षा कमी माल राहिला तर बदला. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबली जात असेल तर तार ओढून घ्या. तारेचं टोक आणि लिव्हरच्या आतली गुंडी बघा, एखादा बारीक धागा जरी तुटलेला दिसला तरी तार नवीन टाका. रिम फडक्यानं पुसून घ्या, साखळीचं तेल रिमवर उडालेलं असतं.

जुन्या पद्धतीच्या दांडीच्या ब्रेकची सायकल असेल तर तिला ट्रेलर लावून घाट उतरू नका. पायी उतरा. यात कमीपणा काही नाही.

५. रिकामा जोडून एक चक्कर

आता ट्रेलर जोडा, रिकामाच, आणि गावातल्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालवा. एक वळण डावीकडं, एक उजवीकडं, जेवढं घट्ट जमेल तेवढं. दांडी टायरला लागते का? पट्टा ताणला जातो का? एक गतिरोधक ओलांडा, एकदा जोरात ब्रेक मारा. आवाज ऐका. रिकामा ट्रेलर आवाज करतो आणि तोच आवाज आपल्याला पाहिजे, कुठून येतोय ते शोधून काढा.

ही पायरी सगळे वगळतात कारण लोकं बघतात. बघू द्या.

६. सामान भरणं

वजनाची मर्यादा बनवणाऱ्यानं सांगितलेली तीच. एकचाकी ट्रेलरला साधारण ३० किलोच्या आसपास असते, दोनचाकीला ४५ च्या आसपास. घाट असेल तर मी त्याच्याही दोन-तृतीयांशच भरतो, एकचाकीला २० आणि दोनचाकीला ३०.

जड सामान तळाला, आणि दोनचाकी असेल तर एक्सलच्या किंचित पुढं. मागं जड झालं की दांडी वर उचलते, सायकलचं मागचं चाक हलकं होतं आणि उतारावर ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डोलायला लागतो, एकदा डोलायला लागला की ब्रेक मारून थांबत नाही, उलट वाढतो. दांडीवर एकूण वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढं वजन पाहिजे. ताणकाटा दांडीच्या टोकाला अडकवून ट्रेलर सपाट धरा: ३० किलोच्या ट्रेलरला काटा ३ किलोच्या जवळ दाखवला पाहिजे. शून्याच्या जवळ असेल तर सामान पुढं घ्या, ६-७ असेल तर मागं सरकवा.

एकचाकीला डावं-उजवं वजन सारखं पाहिजे, एका बाजूला गॅस आणि दुसऱ्या बाजूला कपडे असं केलं की दिवसभर हँडल ओढून खांदे दुखतात.

पाणी. उन्हाळ्यात माणूस दहा-पंधरा लिटर घेतो म्हणजे दहा-पंधरा किलोच. मोठा कॅन अर्धा भरून नेऊ नका, वळणावर आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि ट्रेलरही त्याच्या मागं. दोन-दोन लिटरच्या गच्च भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवा, रिकाम्या होतील तशा वर काढून घ्या. दुधाचे कॅन नेणाऱ्यांनाही हेच लागू.

बांधताना ताडपत्रीचं मोकळं टोक, दोरीचं शेपूट, काही लोंबकळायला नको. चाकात गेलं की चाक जाम. ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा, त्या ताणल्या जातात आणि सामान बसलं तरी ढिल्या पडत नाहीत. मागं लाल रिफ्लेक्टर, लाल लाईट आणि दीड मीटर उंच काठीला भडक रंगाचा झेंडा. ट्रेलर जमिनीलगत असतो, ट्रकच्या केबिनमधून तो दिसत नाही, झेंडा दिसतो.

> लेकरांबद्दल: विचारतात बरेच जण म्हणून स्पष्ट लिहितो. लेकरांसाठी बनवलेला, पाच जागी बांधणारा पट्टा असलेला ट्रेलर, डोक्याला हेल्मेट, वय वर्षाच्या वर, आणि रस्ता गावातला सपाट, तर ठीक. घाटात नाही. सामानाच्या ट्रेलरमध्ये तर कुठंच नाही. घाट ओलांडायचा असेल तर लेकरू आणि त्याची आई बसनं खाली जाऊ द्या, तुम्ही सामान घेऊन या.

७. भरल्यावर परत

सायकल उभी धरा, दुसऱ्या माणसाला ट्रेलर मागं ओढायला आणि पुढं ढकलायला सांगा, आणि तुम्ही हिचकडं बघा. नुसतं ऐकू नका, बघा. पट्टी एक्सलवर फिरते का, पिन उडते का. नेलपॉलिशची रेघ. दोन्ही टायर वजनाखाली किती दबले. मग एक किलोमीटर चालवून परत रेघ बघा, कारण नवीन बसवलेला नट पहिल्या किलोमीटरमध्येच बसतो आणि ढिला होतो.

८. चढ

घाटाची वेळ आधी ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचा सीझन, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीतून ऊस बाहेर आलेला, चालकाला मागचं काही दिसत नाही. त्या दिवसांत संध्याकाळनंतर घाटात थांबू नका. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी तो घाट भरलेला असतो, त्या दोन दिवसांत तिकडं ट्रेलर नेणं त्यांनाही त्रास आणि तुम्हालाही. आणि मोठ्या पावसात तर नकोच. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी येऊन रस्ता बंद पडला होता, रस्ता चालू असतानाही पावसाळ्यात डोंगराकडच्या कडेला दगड-माती आलेलीच असते.

चढ सुरू व्हायच्या आधी सपाटीलाच सगळ्यात हलका गिअर टाका. चढावर मध्येच टाकला की ट्रेलरच्या ओढीनं चेन अडकते किंवा तुटते. सीटवर बसून चालवा. उभं राहून पायडल मारलं की सायकल डावी-उजवी होते, प्रत्येक झोक्याला ट्रेलर मागं ओढतो आणि हिचला हिसके बसतात. नागमोडी चढणं बंद करा, ट्रेलर बहुतेक वेळा सायकलपेक्षा रुंद असतो आणि मागच्याला तुम्ही कुठं वळणार ते कळत नाही.

खरी चीड येते ती रस्त्याची. एका बाजूचं काम काढून गुत्तेदार निघून गेलेला, साइडपट्टी रस्त्यापेक्षा वीतभर खाली, वर बारीक खडी सांडलेली. आणि मागून हॉर्न. हॉर्न ऐकून माणूस घाबरून डावीकडं घेतो, ट्रेलरचं डावं चाक साइडपट्टीवरून खाली जातं आणि ट्रेलर उलटतो. हे मी इतक्यांदा बघितलंय. कडेपासून किमान हात-दीड हात आत चालवा, हॉर्न वाजू द्या, जागा दिसली की स्वतः थांबून त्याला जाऊ द्या. रस्ता तुमचाही आहे, पण आठ टनांशी तो मुद्दा लढवायची जागा वळण नाही.

ढकलावं लागलं तर उतरा आणि ढकला. दम खायला थांबताना ट्यूबच्या पट्टीनं पुढची ब्रेक लिव्हर हँडलला आवळून बांधा, हा तुमचा हँडब्रेक. ट्रेलरच्या चाकामागं दगड लावला तर निघताना तो उचलून कडेला टाका. रस्त्यात सोडलेल्या दगडानं रात्री मोटारसायकलवाला पडतो, आपल्या घाटांत हे कायमचं दुखणं आहे.

९. उतार

माथ्यावर थांबा. दहा मिनिटं. पाणी प्या आणि हे बघा: रेघ, पिनेचे दोन्ही पाय, पट्टा, टायर, दोन्ही लिव्हर. चढून दमलेला माणूस माथ्यावर न थांबता उतरायला लागतो कारण वारा लागतो, बरं वाटतं. नेमकी तिथंच चूक होते, चढावर हिच उलट्या दिशेनं ताणलेला असतो आणि उतार लागला की पहिल्यांदाच तो पुढं दाबला जातो. ढिला झालेला सांधा याच क्षणी सुटतो.

वेग सरळ रस्त्यालाही ताशी १५ च्या वर जाऊ देऊ नका. वळणावर माणूस चालतो तेवढाच. वेग वाढल्यावर ब्रेक मारायचा असं नाही, वाढूच द्यायचा नाही.

ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी मारायचा, आणि वळणात शिरताना सोडायचा. वळणात असताना मागचा ब्रेक जोरात दाबला आणि चाक लॉक झालं तर मागून ट्रेलर ढकलतो आणि सायकल कात्रीसारखी मिटते. खडीवर तर लगेच.

सतत दाबून ठेवू नका. पुढचा-मागचा आलटून-पालटून, दाबा-सोडा, म्हणजे एक तापत असताना दुसरा थोडा गार होतो. आणि दर किलोमीटर-दीड किलोमीटरला मोकळी जागा बघून थांबा. हात रिमच्या जवळ न्या, टेकवू नका. धग जाणवली तर धग जाईपर्यंत थांबायचं. डिस्कला हात लावायचाच नाही, कातडी चिकटते. आणि गार करायला त्यावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

> थांबा: लिव्हर आधीपेक्षा जास्त आत जायला लागली, जळका वास आला, किंवा ट्रेलर डोलायला लागला, यातलं एक जरी झालं तर हळूहळू वेग कमी करून थांबा आणि उरलेला घाट पायी उतरा. डोलत असताना हँडल सरळ धरा, वळवू नका.

पायी उतरताना सवयीनं सायकलच्या डाव्या बाजूलाच राहू नका, डोंगर ज्या बाजूला असेल त्या बाजूला राहा, हात दोन्ही लिव्हरवर. खड्डा चुकवताना लक्षात ठेवा, सायकलचं चाक चुकलं म्हणजे ट्रेलरचं चुकलं असं नाही, दोनचाकीची चाकं तुमच्या दोन्ही बाजूंनी येतात. दौलताबादच्या रस्त्यावर किल्ल्याच्या दरवाजातून जाताना हे नीट कळतं, तिथं समोरून गाडी नसेल तेव्हाच मधून काढा.

१०. खाली आल्यावर, आणि घरी

खाली पोचलं की पहिल्या टपरीवर चहा घेताना परत रेघ बघा. रिम गार होईपर्यंत हवा भरू नका.

घरी आल्यावर ट्रेलर धुवून ठेवा, काळी माती वाळायच्या आत. पाण्याचा जोराचा फवारा एक्सलवर मारू नका, पाणी छर्ऱ्यांत जातं. धुवून उन्हात वाळवा, मग एक्सलला आणि हिचच्या सांध्याला ग्रीस लावा, पण ब्रेकच्या रिमच्या जवळपासही नको. स्प्लिट पिन काढून फेकून द्या आणि नवीन पिन दोरीनं दांडीलाच बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध होत नाही. पावसाळ्याचे चार महिने ट्रेलर वापरणार नसाल तर चाकं जमिनीपासून उचलून विटांवर ठेवा, हवा अर्धी करा, आणि बाहेर काढाल तेव्हा दुसऱ्या पायरीपासून परत सुरू करा. खडू-डिझेलसकट.